खोक्यातला पापड

आमच्या माळ्यावर एकवीस खोकी आहेत. या शब्दाला अलीकडे राजकारणात भलताच भाव आलाय, म्हणून आधीच सांगून टाकतो : आमची पुठ्ठ्याची आहेत आणि रिकामी आहेत. त्यांतल्या एकातला टीव्ही भंगारात जाऊन पंधरा वर्षं झाली. दुसऱ्यातल्या मिक्सरचं फक्त झाकण उरलंय. तिसऱ्यातला टेपरेकॉर्डर मेव्हण्याने 'दोन दिवसांसाठी' नेला, त्यानंतर टेपरेकॉर्डरही आला नाही आणि मेव्हणाही. वस्तू गेल्या, खोकी राहिली. आत्मा आणि देहाबद्दल शास्त्रात जे सांगितलंय त्याच्या बरोबर उलटं.

दर दिवाळीला हा विषय निघतो.

"अहो, ती खोकी काढा एकदाची. झुरळं झालीत."

"अगं, कधीतरी लागतात."

"कधीतरी म्हणजे कधी?"

तो 'कधीतरी' मी बँकेतून निवृत्त झाल्यावर उजाडला. मला जुने रेडिओ, अॅम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करायचा नाद आहे. जुन्या बाजारातून आणायचे, कंडेन्सर बदलायचे, कॅबिनेटला पॉलिश करायचं आणि हॉलमध्ये मांडून ठेवायचे. हॉलमध्ये सहावा रेडिओ आला तेव्हा सोफा की रेडिओ असा प्रश्न उभा राहिला. भाच्याने मोबाइलवर खातं उघडून दिलं आणि म्हणाला, "मामा, फोटो टाका, विका. अख्ख्या देशात गिऱ्हाइकं आहेत." होती, हे खरंच. पण देश आणि आमचा हॉल यांच्यामध्ये कुरियर नावाचा एक प्रदेश पसरलेला आहे, हे त्याने सांगितलं नव्हतं.

पहिला रेडिओ नागपूरच्या एका गृहस्थांनी घेतला. पाच व्हॉल्व्हचा, सागवानी कॅबिनेटचा. शनिवार पेठेतला एक वाडा पाडायला निघाला तेव्हा मी तो उचलला होता. वाड्याच्या मालकीणबाईंनी तो देताना डोळे पुसत सांगितलं होतं, की १९५५ च्या रामनवमीला आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर गीतरामायण सुरू झालं, तेव्हापासून छप्पन्नच्या छप्पन्न गाणी त्यांच्या घराने याच रेडिओवर ऐकली. म्हणजे रामाचा चौदा वर्षांचा वनवास या रेडिओने एका ओरखड्याशिवाय पार पाडला होता. पुणे ते नागपूर हा तीन दिवसांचा प्रवास त्याच्यापुढे काय!

मायक्रोवेव्हचं खोकं काढलं. त्यात रेडिओ ठेवला. चारी बाजूंनी वर्तमानपत्रांचे बोळे कोंबले. तेही पुरवण्यांचे, कारण मुख्य अंक रद्दीवाल्याकडे वजनाला बरे जातात. वरून सुतळीने आडव्या-उभ्या गाठी मारल्या. शेवटी लाल मार्करने सहाही बाजूंना मराठी, हिंदी आणि इंग्रजीत 'काचसामान, जपून' असं लिहिलं. बँकेत चौतीस वर्षं त्रिभाषा सूत्र पाळल्याचा परिणाम. खोकं दिसायला इतकं देखणं झालं की मी त्याच्यासोबत फोटो काढून घेतला.

चौथ्या दिवशी नागपूरहून निरोप आला : 'साहेब, रेडिओ मिळाला. आवाज छान येतो. खोकं हलवलं की.'

सोबत फोटो होते. दोन व्हॉल्व्ह सॉकेटमधून निसटून आपटले होते आणि त्यांची काच कॅबिनेटच्या तळाशी रव्यासारखी पसरली होती. ट्रान्सफॉर्मरने आपल्या वजनाने चासीचा पत्रा वाकवला होता. आणि समोरच्या डायलच्या काचेवर जिथे शहरांची नावं छापलेली असतात, तिथे एक सरळ तडा गेला होता, नेमका दिल्ली आणि कराचीच्या मधून. काही गोष्टी पॅकिंगच्या हातात नसतात.

पैसे परत केले. दुसऱ्या दिवशी तावातावाने कुरियरच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या मुलाने शांतपणे विचारलं, "काका, खोक्यावर काय लिहिलं होतं?"

"काचसामान, जपून. तीन भाषांत."

त्याने हनुवटीने मागचा ढीग दाखवला. त्या ढिगातल्या जवळपास प्रत्येक पार्सलवर 'फ्रॅजाइल' होतं. उशीवर फ्रॅजाइल. चपलांवर फ्रॅजाइल. एका गोणपाटात लोखंडी डंबेल असावेत, त्यालाही कुणीतरी फ्रॅजाइलची लाल टेप गुंडाळली होती. लग्नात सगळ्यांनाच पहिल्या रांगेत बसवायचं ठरवलं की पहिली रांग उरतच नाही, तसं झालं होतं.

मी तिथे अर्धा तास उभा राहिलो. एकजण गाडीच्या दारातून पार्सल टाकायचा, दुसरा ते झेलून मागे सरकवायचा, तिसरा रचायचा. जड खालीच जाईल असं नाही, जे हाताला येईल ते जाईल. यात दुष्टपणा काही नव्हता. रात्री दहाच्या आत एवढा ढीग मला गाडीत चढवायचा असता, तर मीही फेकलं असतं. उलट माझा नेम त्याच्याइतका चांगला नसता. त्या अर्ध्या तासात माझी खात्री पटली, की खोक्यावर काय लिहिलंय ते वाचायला वाटेत कुणालाही सवड नसते. पत्ता तेवढा वाचतात.

घरी आलो तर भाचा आलेला. तो इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे त्याला सगळं माहीत असतं. म्हणाला, "मामा, यासाठी रीतसर चाचणी असते. इंटरनॅशनल सेफ ट्रान्झिट असोसिएशनची. दहा किलोच्या आतलं पार्सल असेल तर आधी थरथरवायचं आणि मग शहात्तर सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडायचं. एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहादा सपाट बाजूंवर."

मी स्वयंपाकघराचा ओटा मोजला. ब्याऐंशी सेंटिमीटर. चाचणीपेक्षा कडक.

आता पाडायचं काय? उरलेले रेडिओ पाडून बघणं परवडणारं नव्हतं. भाचा म्हणाला, अंडं ठेवू. "माझ्या ओट्यावर अंडं चढणार नाही," हिने आतून निकाल दिला. पण लगेच एक भाजलेला उडदाचा पापड घेऊन बाहेर आली. "हा ठेवा. याहून नाजूक काही या घरात नाही, तुमचा स्वभाव सोडला तर."

आमची प्रयोगशाळा अशी सुरू झाली. दोन किलो तांदळाची पिशवी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, तिला चिकटून उभा केलेला पापड म्हणजे व्हॉल्व्ह. पहिल्या दिवशी नागपूरची पद्धत जशीच्या तशी वापरली, बोळे आणि सुतळी. पहिल्याच कोपऱ्यावर पापड गेला. तरी नेटाने दहाही वेळा पाडलं. उघडून पाहिलं तर कागदाचे बोळे दबून खाली बसलेले आणि वर चांगली चार बोटं मोकळी जागा. कागदाचं हेच आहे, एकदा दबला की पुन्हा फुलत नाही. पहिल्या आपटीला तो वस्तूला वाचवतो आणि उरलेल्या नऊ आपट्या वस्तूने आपल्या जिवावर सोसायच्या. त्या पापडाचा चुरा हिने कांदा, तिखट आणि कच्चं तेल घालून रात्री वाढला. पुढचे काही दिवस आमच्या संशोधनाचे निष्कर्ष ताटात डाव्या बाजूला वाढले जात होते.

दुसऱ्या दिवशी बोहरी आळीत जाऊन बबल रॅपचा गठ्ठा आणला. या बबल रॅपचा जन्म गमतीदार आहे. १९५७ साली अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये फिल्डिंग आणि शाव्हान या दोघांनी प्लॅस्टिकचे दोन पडदे एकमेकांना चिकटवले, ते भिंतीला लावायचा उठावदार कागद म्हणून. भिंतीसाठी तो कुणी घेईना. मग ग्रीनहाउस उबदार ठेवायला वापरून पाहिला, तेही जमलं नाही. शेवटी आयबीएमचे कॉम्प्युटर पाठवताना तो गुंडाळला आणि त्याचं नशीब फळफळलं. हे मी हिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं भिंतीला नाही लावला. पाहुण्यांनी बसल्या बसल्या घर फोडून ठेवलं असतं." तिचा मुद्दा बिनतोड होता, कारण आणलेल्या गठ्ठ्यातला पहिला हातभर भाच्याने तोवर बोटाने फोडून संपवला होता.

बोहरी आळीतल्या खोकेवाल्याने माझं दुसरं शिक्षण केलं. "किती प्लाय?" त्याने विचारलं. मी बावचळलो. त्याने दोन खोक्यांच्या कडा माझ्या नाकासमोर धरल्या. दोन सपाट कागदांमध्ये एक नागमोडी कागद म्हणजे तीन प्लाय. सपाट-नागमोडी-सपाट-नागमोडी-सपाट म्हणजे पाच. "मिठाईला तीन, मशीनला पाच." मग मी बरोबर नेलेलं माळ्यावरचं खोकं त्याने अंगठ्याने दाबलं. कड पिकल्या केळ्यासारखी दबली. "हे मेलंय," तो म्हणाला. आतल्या नाळ्या एकदा चेपल्या की ताकद संपते, आणि पावसाळ्याची ओल खाल्लेला पुठ्ठा तर ओझं पेलतच नाही. नागमोडी कागदाचं पहिलं पेटंट १८५६ सालचं, इंग्लंडमधलं, तेही उंच टोप्यांच्या अस्तरासाठी. म्हणजे पुठ्ठ्याचा जन्म डोकं सांभाळण्यासाठी झाला. तो वापरताना मीच डोकं घरी ठेवलं होतं.

एकवीसही खोकी मेलेली आहेत, ही बातमी घरी कशी सांगायची याचा विचार करत परतलो. सांगावी लागली नाही, तिने चेहऱ्यावरून ओळखली. "मग काढायची ना?"

त्या दिवशी माझी लाज डबल बॉक्सिंगने राखली. भाच्याने समजावलं, की नाजूक वस्तू एका खोक्यात बसवायची आणि ते खोकं दुसऱ्या मोठ्या, दणकट खोक्यात, सगळीकडून निदान पाच सेंटिमीटर जागा ठेवून. बाहेरचं खोकं मार खातं, आतल्याने फक्त वस्तूला धरून ठेवायचं. आतलं जुनं असलं तरी चालतं. "ऐकलंस?" मी म्हणालो. "आतली खोकी लागतात." ती काही बोलली नाही, पण त्या रात्रीच्या चुऱ्यात तिखट जरा जास्त होतं.

चौथ्या दिवशी उत्साहाच्या भरात मी पापडाभोवती बबल रॅपचे नऊ वेढे दिले आणि ते गाठोडं खोक्यात पायाने दाबून बसवलं. एकदाही न पाडता पापडाचे सहा तुकडे झाले.

तेव्हा ही पदराला हात पुसत बाहेर आली आणि खाली बसली. तिचं माहेर देवगडचं. सासरे हापूसच्या पेट्या मुंबईला पाठवायचे. ती म्हणाली, "बाबा पेटी भरताना पेंढ्याचा थर किती जाड लावायचा ते हाताने ठरवायचे. आम्हा मुलांना एकच ताकीद होती. आंबा पेटीत हलला तर डागाळतो आणि दाबला तर सडतो. हलता कामा नये आणि फळीला टेकता कामा नये. भरलेली पेटी ते कानाशी धरून हलवायचे."

"नारळासारखी?"

"नारळात पाणी वाजलं तर चांगला. पेटीत काही वाजलं तर उलटी करून पहिल्यापासून भरायची."

आंतरराष्ट्रीय संस्था, न्यू जर्सी, बोहरी आळी आणि इंजिनिअरिंग कॉलेज या सगळ्यांनी मिळून मला जे शिकवलं, ते सासऱ्यांनी भाताच्या पेंढ्यात आधीच करून ठेवलं होतं. पॅकिंगचं काम वस्तूला घट्ट आवळून धरणं नाही. धक्का बसला की पॅकिंगने जरा दबायचं, वस्तूला हळूहळू थांबवायचं आणि पुन्हा मूळ जागी यायचं. ज्याला दबायला जागाच ठेवली नाही, तो बबल रॅप आणि वीट यांत फरक उरत नाही.

पाचव्या दिवशी दहा आपट्यांनंतर पापड अख्खा निघाला. भाच्याने टाळी वाजवली. मी तो पापड शोकेसमध्ये ठेवणार होतो, पण आमच्याकडे शोकेसमध्ये रेडिओ आहेत.

त्यानंतर मी पॅकिंगला बसतो तो साग्रसंगीत. व्हॉल्व्ह सगळे काढायचे, कुठला कुठल्या सॉकेटचा ते चिठ्ठीवर लिहायचं आणि प्रत्येकाला वेगळं गुंडाळायचं. रेकॉर्ड प्लेअर असेल तर वरची जड थाळी काढायची, टोनआर्मच्या मागचं वजन काढायचं, आर्म दोरीने बांधायचा, सुईला टोपी घालायची. ही सुई केसाएवढी असते आणि तिची किंमत ऐकली की केस उभे राहतात. पारदर्शक झाकण वेगळं भरायचं. नुसता सर्किट बोर्ड पाठवायचा असेल तर तो थर्मोकोलमध्ये उघडा खोचायचा नाही. थर्मोकोल घासला की त्यात वीज साठते, आपल्याला कळतही नाही इतकी, पण एखाद्या आयसीचा जीव जायला ती पुरते. त्यासाठी चंदेरी पिशवी मिळते. गुलाबीही मिळते, ती स्वतः वीज साठवत नाही इतकंच, बाहेरून येणारी अडवत नाही. मी आधी गुलाबी आणली होती. दिसायला बरी होती म्हणून.

टेप इंग्रजी 'एच' अक्षरासारखी लावायची, मधल्या फटीवर एक आणि दोन्ही कडांवर एकेक, खालीही आणि वरही. सुतळी बाद. सुतळीच्या गाठी दुसऱ्या पार्सलात अडकतात आणि मग दोघं हातात हात घालून भलत्याच गावी जातात.

हे सगळं मोबाइलवर चित्रित करायचं असतं. गिऱ्हाईक तिकडे खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढतं, म्हणून आपण इकडे भरतानाचा काढायचा. दोन्ही बाजूंना साक्षीदार लागतात, रजिस्टर लग्नासारखं. आमच्याकडे कॅमेरा ही धरते, त्यामुळे माझ्या सर्व व्हिडिओंना पार्श्वसंगीत म्हणून "अहो, ती कात्री परत जागेवर ठेवा" असं येतं. एका गिऱ्हाइकाने खास लिहिलं, कात्री मिळाली का म्हणून.

सगळ्यात जिव्हारी लागला तो हवेचा हिशेब. कुरियरवाला खोकं वजन करतो आणि मग टेपने मोजतो. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले पाच हजार. जे जास्त भरेल ते वजन. माझं खोकं पन्नास बाय चाळीस बाय तीस, म्हणजे बारा किलो. आतला रेडिओ आणि पॅकिंग मिळून सात. उरलेल्या पाच किलो हवेचे पैसे मी मोजले. पुण्याची हवा चांगली हे लहानपणापासून ऐकत होतो, पण ती किलोवर जाते हे त्या दिवशी कळलं. मी त्याला विचारलं, "हवेचे पैसे घेता, मग हवा तरी जपून नेता का?" तो हसला. त्याने पावतीवर शिक्का मारला, तोही जोरात.

इतकं शिकलो, तरी कोल्हापूरला फसलो. त्या अॅम्प्लिफायरला मी इतकं टेपलं होतं, की गिऱ्हाइकाचा पाऊण तासाचा व्हिडिओ आला. आधी कात्री, मग सुरी, मग शेजारच्यांचा सल्ला, शेवटी आतून विळी आली. अॅम्प्लिफायर पुण्याहून कोल्हापूरपर्यंत धडधाकट पोचला आणि विळीने त्याच्या पुढच्या पॅनेलवर वीतभर ओरखडा ओढला. आम्ही दोघांनी समजुतीने नुकसान निम्मं-निम्मं वाटून घेतलं. तेव्हापासून मी टेपचं एक टोक दुमडून ठेवतो आणि शेजारी लिहितो, 'इथून ओढा'. खोक्यावरचा एवढा एकच मजकूर लोक खरोखर वाचतात.

परवा मडगावच्या एका निवृत्त मास्तरांनी रेडिओ घेतला. मी सगळं यथासांग केलं. पाच प्लाय बाहेर, माळ्यावरचं आत, ओलीसाठी प्लॅस्टिकची पिशवी, कानाशी धरून खात्री. शेवटचं झाकण लावणार इतक्यात ही म्हणाली, "आत काय झालं ते आपल्याला कळणार कसं? तुमचा तो पापड ठेवा." भाजलेला वाटेत सादळेल, आणि सादळलेला पापड आपटला तरी मोडत नाही, खोटी साक्ष देतो. म्हणून तिने साबुदाण्याची वाळवलेली पापडी दिली, काचेसारखी. ती मी एका चिठ्ठीसह रेडिओशेजारी खोचली : 'ही अख्खी निघाली का, तेवढं कळवावे.'

पाच दिवसांनी मास्तरांचं उत्तर आलं. मी ते हिला मोठ्याने वाचून दाखवलं.

'पापडी अख्खी पोचली. आमच्या मंडळींनी तळली, फार हलकी होती. आणखी दोन किलो मिळतील का? पाठवताना असंच पॅकिंग करावं. खोकी दोन्ही उत्तम आहेत, माळ्यावर टाकली. कधीतरी लागतात. ता. क. : रेडिओही वाजतो.'

हिने पत्र परत एकदा वाचायला लावलं, 'रेडिओही'तल्या 'ही'पर्यंत. मग ती स्टूल घेऊन माळ्याकडे गेली.

"काय शोधतेस?"

"दोन किलोला बरं पडेलसं खोकं," ती वरूनच म्हणाली. "आणि उरलेल्यांना हात लावू नका."